जेम्बे आणि नाचाचा मुलांचा गट: नव्याने येणाऱ्या घरांसाठी

शाळेत पश्चिम आफ्रिकन नाच आणि ड्रमचा कार्यक्रम होऊन गेला की त्या संध्याकाळी घरातले डबे, पातेली, टेबलं सगळं वाजायला लागतं. मग ओळखीतले आईबाबा फोन करतात. आमच्या गावातही असा मुलांचा गट आहे म्हणे, घालू का? ड्रम विकत घ्यावा लागतो का? आपल्या मुलांना घेतात का? हा लेख त्यांच्यासाठी, मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी आहे. माझी मुलगी अशा गटात नाचते आणि धाकटा ड्रमच्या रांगेत असतो, त्यामुळे जे लिहिते आहे ते पालकाच्या बाजूने.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या कलेत मूल सगळ्यात आधी ऐकायला शिकतं. हात आणि पाय नंतर येतात. पालक म्हणून तुम्ही घ्याल तो प्रत्येक लहानमोठा निर्णय, गट निवडण्यापासून घरच्या सरावापर्यंत, ‘याने मुलाचं ऐकणं वाढेल का’ या एका प्रश्नावर तपासलात तर फारसं चुकणार नाही.

पहिली पायरी: गट कुठल्या परंपरेचा, ते विचारा

‘आफ्रिकन डान्स’ एवढी पाटी पुरेशी नाही. हाताने वाजवायचा जेम्बे आणि काठीने वाजवायचे दुनुन हे मांदे लोकांचे ड्रम, म्हणजे आजच्या गिनी, माली आणि त्यांच्या शेजारच्या देशांतले. सेनेगलमधल्या वोलोफ लोकांचा साबार वेगळा. तो एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा ठेवून वाजवतात, आणि त्याच्या नाचात पाय एकदम वर उडतात. घानाचं आणखी वेगळं: राजधानी अक्रातल्या गा लोकांचं क्पानलोगो हे नाच-वादन, एवे लोकांचं घंटेच्या ठेक्यावर बांधलेलं वादन. कांगोचा नाच मध्य आफ्रिकेतला. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये मालोंगा कास्केलूर्द या कांगोच्या नर्तकाचं नाव दिलेलं कलाकेंद्र आहे. तिथे वेगवेगळ्या आफ्रिकन परंपरांचे वर्ग एकाच इमारतीत भरतात, पण एका वर्गातली पावलं दुसऱ्यात चालत नाहीत. मराठी माणसाला आफ्रिका म्हटलं की जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. त्यांचं मूळ खंडाच्या पूर्व बाजूला, हबशी मुलखाकडे. जेम्बेचा मुलूख तिथून हजारो किलोमीटर पश्चिमेला आहे.

मुलांचे बहुतेक गट जेम्बे आणि दुनुनचे असतात, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल. पहिल्या भेटीत दोन प्रश्न पुरतात: तुम्ही कुठल्या भागातले ताल शिकवता, आणि तुम्ही स्वतः कुणाकडे शिकलात? चांगला शिक्षक दोन्हींची उत्तरं आनंदाने आणि लांबलचक देतो. त्याच्या गुरूचं नाव, गुरूचं गाव, तिथे तो स्वतः गेला असेल तर ती हकिकत, सगळं येतं. ‘आम्ही सगळंच थोडं थोडं करतो’ असं उत्तर आलं तर मी आणखी एखादा गट बघून येईन.

मुलं जे शिकतात त्यातलं बरंचसं मंचासाठी बसवलेलं रूप आहे, हेही माहीत असावं. गावात हा नाच गोलात होतो. बघे आणि नाचणारे असे दोन वेगळे गट नसतात, एकेक जण आत येतो, नाचतो, परत कडेला जातो. गिनीच्या फोदेबा केइता यांनी १९५२ च्या सुमाराला पॅरिसमध्ये ‘ले बाले आफ्रिकँ’ हा संच उभा केला आणि गावातले नाच रांगांमध्ये, प्रेक्षकांकडे तोंड करून मांडले. २ ऑक्टोबर १९५८ ला गिनी स्वतंत्र झाला तेव्हा हाच संच देशाचा राष्ट्रीय संच झाला, आणि १९५९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला. त्या संचातले जेम्बेवादक लाजी कामारा पुढे अमेरिकेत राहिले आणि त्यांनी पिढ्या घडवल्या. नायजेरियाचे ड्रमवादक बाबातुंदे ओलातुंजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शिकवत होते. नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या काळात कृष्णवर्णीय अमेरिकन समाजाने ही कला आपल्या मुलांसाठी मागून घेतली. गुलामीत पूर्वजांपासून जे तोडलं गेलं त्यातलं काहीतरी मुलांच्या हातात परत यावं म्हणून. फिलाडेल्फियाचा कुलू मेले आणि मिलवॉकीचा को-थी हे संच १९६९ पासूनचे, शिकागोचा मुंटू १९७२ चा. को-थीचा स्वतःचा मुलांचा संचही आहे.

हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की तुम्ही ज्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार आहात तो कुणीतरी कष्टाने, विशिष्ट मुलांसाठी उभा केलेला आहे. आपल्या मुलांना तिथे घेतात, आणि प्रेमाने घेतात. आपण पाहुणे आहोत एवढं ध्यानात ठेवून आत जायचं.

दुसरी पायरी: एक वर्ग नुसता बसून बघा

नाव नोंदवण्याआधी मुलाला घेऊन एक अख्खा वर्ग बघा. बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. ड्रम प्रत्यक्ष वाजतात की स्पीकरवर? माझ्या मते ध्वनिमुद्रित तालावर चालणारा वर्ग मुलांसाठी घेऊच नये. त्यात कान लावायचा प्रश्नच उरत नाही, मूल आकडे मोजून पाय टाकायला शिकतं. प्रत्यक्ष वादक असले की फी थोडी जास्त पडते, कारण दोन-तीन वादकांना मानधन द्यावं लागतं. ते पैसे योग्य जागी जातात.

फरशी बघा. लाकडी असावी, खाली थोडी पोकळी असावी. काँक्रीटवर अनवाणी उड्या मारून गुडघे आणि नडग्या दुखतात. ड्रम शिकणारी आणि नाच शिकणारी मुलं एकमेकांना दिसतात का, तेही बघा. चांगल्या गटात लहान मुलांना दोन्ही करायला लावतात. नाच न केलेला वादक आणि ड्रमला हात न लावलेला नर्तक, दोघांचंही अर्धं शिक्षण राहतं.

वर्गात मध्येच शिक्षक मोठ्याने ‘आगो!’ म्हणतील आणि सगळी मुलं ‘आमे!’ म्हणून गप्प होतील. ही घानाच्या अकान लोकांची रीत, दार वाजवून ‘येऊ का’ विचारावं आणि आतून ‘या’ यावं तशी. ब्रुकलिनमध्ये नर्तक चक डेव्हिस यांनी १९७७ मध्ये ‘डान्सआफ्रिका’ हा उत्सव सुरू केला, त्यात अख्खं प्रेक्षागृह ‘आमे’ म्हणतं. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसला असलात तरी उत्तर द्यायचं, आणि फोनवरचं बोलणं तिथेच थांबवायचं.

शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. पुरुष शिक्षकांच्या नावाआधी ‘बाबा’ आणि स्त्री शिक्षकांच्या नावाआधी ‘ममा’ लावतात. काका-मावशी म्हणायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे लगेच जमतं. पालकांनीही तसंच म्हणावं.

वयाचं म्हणाल तर नाचासाठी पाच-सहा वर्षं ठीक, ड्रमसाठी सात-आठ. त्याआधी हात लहान असतात आणि बसून राहवत नाही. अशा मुलांच्या हाती गट सहसा शेकेरे देतो, म्हणजे मण्यांची जाळी ओवलेला भोपळा. ते वाद्य सोपं दिसतं, पण ठेका न हलू देता पाच मिनिटं वाजवून बघा म्हणजे कळेल.

तिसरी पायरी: पहिल्या दिवसाची पिशवी

सैल टी-शर्ट, गुडघ्याखाली येणारी लेगिंग किंवा पँट, पाण्याची बाटली, छोटा नॅपकिन. पाय अनवाणी. मुलींना आणि बायकांना कमरेला लापा लागतो, म्हणजे साधारण दोन वार सुती कापड, बहुधा छापील. पहिल्या दिवशी घरातली जुनी ओढणी चालते, पुढे गटच कुठून घ्यायचा ते सांगतो. घट्ट गाठ मारायला शिकवा, कारण सुटलेल्या लाप्यात पाय अडकून पडायला होतं. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचा दोरा हे ड्रमवर बसण्याआधी काढायचं. कातड्याला ओरखडे पडतात आणि हातालाही लागतं.

कानात घालायचे मऊ बोळे नक्की न्या. बंद हॉलमध्ये आठ-दहा जेम्बे एकत्र वाजतात तेव्हा आवाज फार मोठा होतो, आणि लहान मुलं बरोबर त्या ड्रमसमोर उभी असतात. बोळे घातल्यावर ताल कमी ऐकू येत नाही, उलट दुनुनचे खालचे स्वर वेगळे कळायला लागतात.

केसांबद्दल एक सांगायलाच हवं. गटातल्या मुलींच्या वेण्या, त्यांतले मणी सुंदर असतात, आणि आपल्या मुलांना हात लावून बघावासा वाटतो. लावू नये. हे घरून निघण्यापूर्वीच मुलांना सांगा. रंगावरून आपल्या घरांत सहज जे बोललं जातं, ‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ वगैरे, तेही आता बंद करायची वेळ आली आहे. मुलं ऐकत असतात आणि ज्या मैत्रिणींचा हात धरून ती नाचणार आहेत त्यांच्याबद्दल ती घरातूनच काहीतरी शिकून जातात. हे नाचाइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

चौथी पायरी: पहिले काही महिने मूल काय शिकतं

ड्रमच्या बाजूने सुरुवात तीन आवाजांनी होते. बेस: पूर्ण तळवा कातड्याच्या मध्यावर पडतो आणि लगेच उचलला जातो. टोन: बोटं जुळलेली, हात कडेजवळ, आवाज गोल आणि भरीव. स्लॅप: हात जवळपास तिथेच, पण बोटं सैल, आणि टोकं कातड्याला चाटून उडतात. त्याचा आवाज कोरडा आणि तीक्ष्ण. ओलातुंजी यांनी या आवाजांना बोल दिले: बेससाठी गुन आणि दुन, टोनसाठी गो आणि दो, स्लॅपसाठी पा आणि ता, प्रत्येक जोडीत पहिला उजव्या हाताचा, दुसरा डाव्या. तबल्याचे बोल तोंडाने म्हणणाऱ्या घरांत ही पद्धत लगेच रुजते. शिक्षक दुसरे बोल वापरत असतील तर त्यांचेच वापरा.

स्लॅप जमत नाही म्हणून मुलं जोर लावतात. जोराने स्लॅप येत नाही, फक्त हात सुजतो. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या मुलांना हे जास्त जड जातं, कारण तिथे टिपरूच्या घावात ताकद लागते. इथे हात पडल्याबरोबर कातड्याने त्याला परत उडवायचं असतं. हात लाल होणं ठीक, पण सांधा दुखला किंवा बोट वाकवताना कळ आली तर तो आठवडा विश्रांती द्या आणि शिक्षकांना सांगा. हात ठेवायची जागा चुकत असते.

मग दुनुन. हे दोन्ही बाजूंनी गायीचं कातडं लावलेले पिंपासारखे ड्रम, काठीने वाजवायचे, आणि ते तीन असतात: सगळ्यात मोठा दुनुनबा, मधला संगबान, लहान केंकेनी. गिनीच्या कुरुसा भागातल्या हामाना मुलखात प्रत्येकाचा वेगळा वादक असतो. एका हाताने कातडं आणि दुसऱ्या हाताने ड्रमवर बांधलेली लोखंडी घंटा असं तो वाजवतो. मंचावरच्या पद्धतीत तिन्ही ड्रम उभे करून एकच जण वाजवतो, आणि मुलांच्या गटांत बहुतेक हीच पद्धत असते.

आपल्या मुलाला जेम्बेऐवजी केंकेनी दिला म्हणून काही पालक हिरमुसतात. हिरमुसू नका. जेम्बे चमकतो, पण तालाची ओळख दुनुनच्या सुरावटीत असते, विशेषतः संगबानमध्ये. दोन ताल जेम्बेवर जवळपास सारखे वाटू शकतात, संगबान लागला की कुठला ते लगेच कळतं. केंकेनी हा त्या विणीतला न हलणारा धागा आहे. जे मूल केंकेनी दहा मिनिटं एका लयीत धरू शकतं त्याच्यावर सगळा गट उभा राहतो, आणि शिक्षकांना ते माहीत असतं.

नाचाच्या बाजूने अंगाची ठेवण आधी येते. गुडघे मऊ, पाठ सरळ पण कमरेतून पुढे झुकलेली, पूर्ण पाऊल जमिनीवर, हात मोठे आणि मोकळे. भरतनाट्यम किंवा कथक शिकणारी मुलं पाठीचा कणा ताठ धरतात आणि नजर समोर. त्यांना इथे वजन पुढे टाकायला वेळ लागतो. एक परंपरा सोडून दुसरी धरायची गरज नाही, पण या दारातून आत येताना अंगाची सवय बदलायची हे मुलाला नीट समजावून सांगा, म्हणजे ते स्वतःला अनाडी समजत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक. प्रमुख जेम्बेवादक एक ठरलेला छोटा तुकडा वाजवतो. तो ऐकला की वादक सुरू होतात, तोच पुन्हा ऐकला की नाचणारे पाऊल बदलतात, आणि शेवटी त्यावरच सगळे एकदम थांबतात. मधे कितीही वेळ जाऊ दे, ब्रेक येईपर्यंत तेच पाऊल चालू ठेवायचं. नाचणारी मुलगी छान रंगली तर वादक ब्रेक लांबवतो, प्रेक्षक उठले तर आणखी लांबवतो, लहान मूल दमलेलं दिसलं तर लवकर देतो. वादक नाचणाऱ्यांकडे बघत असतो, नाचणारे त्याला ऐकत असतात. ‘आठपर्यंत मोज आणि बदल’ असं इथे नसतं. हे ज्या दिवशी मुलाला उमगतं त्या दिवसापासून त्याचं नाचणं दिसायला वेगळं होतं, आणि हॉलच्या कडेला बसलेल्या पालकालाही ते कळतं.

वर्गाच्या शेवटी नाचणारे पुढे येऊन वादकांसमोर वाकतात, जमिनीला हात लावून तो छातीशी नेतात. याला दोबाले म्हणतात. नमस्कार करून नाच सुरू करणाऱ्या आपल्या मुलांना यात अवघडल्यासारखं होत नाही. घाई असली तरी दोबाले चुकवून मुलाला गाडीत बसवू नका.

पाचवी पायरी: घरचा सराव

रोज दहा मिनिटं पुरतात, आणि त्यांतली पाच नुसती ऐकण्याची. वर्गातल्या तालाचं ध्वनिमुद्रण शिक्षकांच्या परवानगीने घ्या. मुलाला विचारा: आता केंकेनी कुठे आहे? दाखव टाळीने. मग संगबान. मग दोन्हींतली घंटा. नंतर तुम्ही ब्रेकचे बोल तोंडाने म्हणा आणि मुलाला पाऊल बदलू द्या. लवकर म्हणा, उशिरा म्हणा, मधेच म्हणा. खेळासारखं होतं आणि कान तयार होतो. तालाच्या अनेक विणी तीन आणि दोनच्या एकत्र चालण्यावर असतात. एका हाताने गुडघ्यावर तीन, त्याच वेळात दुसऱ्या हाताने दोन, हे आधी तुम्ही शिका. मुलं तुमच्याआधी शिकतील.

ड्रम लगेच घेऊ नका. पहिलं वर्ष गटाचा ड्रम वापरा, घरी उशी किंवा उलटी बादली चालते, शेजारीही सुखी राहतात. मूल टिकलं तर मग. मोठ्यांच्या जेम्बेचं तोंड ३० ते ३५ सेंटीमीटर आणि उंची ६० सेंटीमीटरच्या आसपास असते, वजन लहान मुलाला पेलत नाही. मुलांसाठी २० ते २५ सेंटीमीटर तोंडाचा बघा. खरा जेम्बे एका ओंडक्यातून कोरलेला असतो, त्यावर बकरीचं कातडं आणि दोऱ्यांची ताणणी. शाकाहारी घरांत कातड्याचा प्रश्न निघतो. तबल्यावरही तेच कातडं असतं हे ध्यानात घ्या, आणि तरी नको वाटलं तर कृत्रिम पुडीचे ड्रम मिळतात, मुलांसाठी ते वाईट नाहीत. पाऊसपाण्यात त्यांचा सूर उतरत नाही.

कातड्याचा ड्रम उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने कातडं ताणून फाटतं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी फाटलं तर त्याच दिवशी दुरुस्ती होत नाही. हीटरजवळही नको. तेल, क्रीम काही लावू नका. त्यावर बसू नका, कॉफीचा कप ठेवू नका. सूर उतरला तर दोऱ्या स्वतः ओढायला जाऊ नका, गटातल्या मोठ्या वादकाला दाखवा. ते ओढताना मुलाला शेजारी बसवा.

सहावी पायरी: तालांची नावं आणि गावं

प्रत्येक तालाला नाव आहे, लोक आहेत, प्रसंग आहे. ते मुलाला माहीत असलंच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. नुसतं ‘आफ्रिकन साँग नंबर दोन’ असं म्हणणारं मूल अजून काहीच शिकलेलं नाही.

कासा हा मालिंके, म्हणजे मांदे लोकांतल्याच एका समाजाच्या, शेतकऱ्यांचा ताल. शेतात कामाच्या वेळी वादक बांधाशी उभे राहून वाजवतात आणि कामकऱ्यांचे हात त्या लयीत चालतात. आपल्याकडच्या भलरीची आठवण असलेल्या आजी-आजोबांना हे एका वाक्यात कळतं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांना नक्की दाखवा. कुकू गिनीच्या जंगलपट्टीतल्या मानियान लोकांचा, बायका मासेमारीहून परत आल्यावर नाचायच्या तो. मुलांच्या गटांत बहुधा हाच पहिला शिकवतात, कारण पावलं आनंदी आणि स्पष्ट आहेत. जोले सिएरा लिओनकडच्या तेमने लोकांचा, मुखवट्याच्या नाचाचा. यांकादी आणि माक्रू ही सुसू लोकांतल्या तरुण-तरुणींच्या नाचाची जोडी, आधी संथ यांकादी आणि मग एकदम वेगवान माक्रू. मेंदियानी मालिंके गावांत लहान मुलींचाच नाच आहे, म्हणून मुलांच्या संचात तो बसवला की मला विशेष आवडतो. सोली मुलांच्या दीक्षाविधीशी जोडलेला ताल आहे. तो विधी सुंतेचा असतो. मुलाने विचारलं तर त्याच्या वयाला झेपेल तेवढं सरळ सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

शाळेच्या कार्यक्रमांत फांगा हमखास असतो, स्वागताचा नाच म्हणून. त्याचा प्रवास वेगळा आहे. पर्ल प्रायमस या नर्तकी १९४८ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन आफ्रिकेत गेल्या आणि लायबेरियातल्या नाचावरून त्यांनी तो अमेरिकन मंचासाठी बसवला. म्हणजे तो अर्धा तिकडचा, अर्धा इकडचा आहे, आणि तसंच सांगावं.

मुलाला एखाद्या उस्तादाची गोष्ट हवी असेल तर मामादी केइता यांची सांगा. १९५० मध्ये गिनीच्या सिगिरी भागातल्या बालांदुगू गावात जन्म, आणि १९६४ मध्ये, चौदाव्या वर्षी, जोलिबा या गिनीच्या दुसऱ्या राष्ट्रीय संचात निवड. १९९१ मध्ये त्यांनी ब्रसेल्सला जेम्बेची शाळा काढली, पुढे तिच्या शाखा जगभर झाल्या. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत दुनुन इतका स्वच्छ ऐकू येतो की घरच्या ऐकण्याच्या सरावाला ती फार उपयोगी पडतात.

सातवी पायरी: कॅलेंडर

इथे बहुतेक मराठी घरं अडकतात, कारण आपल्या भारतवाऱ्या आणि गटाचे कार्यक्रम नेमके एकाच वेळी येतात. फेब्रुवारी हा अमेरिकेत कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना, त्यात शाळा, वाचनालयं, चर्च अशी बोलावणी सारखी चालू असतात. २६ डिसेंबर ते १ जानेवारी क्वांझा, हा कृष्णवर्णीय अमेरिकन समाजाचा १९६६ पासूनचा सण. आपण त्या वेळी पुण्याला किंवा साताऱ्याला असतो. १९ जूनला जूनटीन्थ, गुलामगिरी संपल्याचा दिवस, २०२१ पासून देशाची सुट्टी, आणि तेव्हाही आपली शाळेच्या सुट्टीतली तिकिटं काढलेली असतात. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी गटाच्या संचालकांना विचारा. मूल नसणार हे सप्टेंबरमध्ये कळलं तर ते रांग तशी बसवतात. डिसेंबरमध्ये कळलं तर बाकीच्या मुलांची जागा बदलावी लागते, आणि त्यांनी ती महिनोन्‌महिने पाठ केलेली असते. शक्य असेल त्या वर्षी एकदा तरी क्वांझाला थांबा. मुलाला गटाचा खरा अर्थ तेव्हा कळतो.

शिकाऊ वर्ग आणि मंचावर जाणारा संच बहुधा वेगळे असतात. संचात घेतलं की तालमीला गैरहजेरी चालत नाही, तेव्हा गणिताचा क्लास, पोहणं आणि मराठी शाळा यांच्याशी आधीच मेळ घाला.

कार्यक्रमाच्या दिवशी

दोन तास आधी हलकं खाऊ घाला. पाणी, केळं, सेफ्टी पिना, जास्तीचा लापा, मलमपट्टी जवळ ठेवा. पोशाख गटाचा असतो, त्यावर कवड्या, कधी राफियाची, म्हणजे पामच्या तंतूंची, झालर असलेले स्कर्ट. तो धुण्याची पद्धत विचारून घ्या, कारण मशीनमध्ये कवड्या फुटतात. हा पोशाख कार्यक्रमापुरताच. हॅलोविनला किंवा वाढदिवसाला मिरवायला तो घालू नये, आणि आपला कुर्ता त्याला जोडू नये.

समाजाच्या कार्यक्रमांत लोक उठून नाचणाऱ्यांच्या पायाशी, कधी कपाळाशी डॉलरच्या नोटा ठेवतात. हा मोठा मान आहे. मुलाने नाच थांबवून त्या उचलायच्या नसतात, गटातलं कुणीतरी मोठं माणूस गोळा करतं. तुम्हीही घरून सुट्ट्या नोटा घेऊन जा, आणि आपल्याच मुलाला देण्याआधी दुसऱ्याच्या मुलाला द्या.

शेवटी गोल होतो. वादक वेग चढवतात, एकेक मूल आत येऊन आपलं सोलो करतं, आणि मग पालकांना ओढतात. जा. पाऊल येत नसेल तर गोलातल्या मावशींचं बघून करा, ब्रेक ऐकू आला की बाहेर या. लाजून भिंतीला टेकून उभे राहिलात तर मूल पुढच्या वेळी सोलोला जायला कचरतं.

चित्रीकरण करायचं असेल तर आधी संचालकांना विचारा, आणि इतर मुलं दिसतात असा व्हिडिओ त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. नोंदणीच्या कागदावर या परवानगीचा एक रकाना बहुधा असतो. तो वाचून भरा, आणि त्याच दिवशी अत्यावश्यक फोन क्रमांक, मुलाच्या अॅलर्जी आणि पोशाखाचं माप लिहून द्या. पोशाख शिवणाऱ्या ममा त्या मापाची वाट बघत असतात.